एम. ए. इकॉनॉमिक्स करून पुढे काय? तरसालीतल्या घरांसाठी एक हिशेब



परीक्षा संपत आल्या की मंडळाच्या कार्यालयात आणि कार्यकर्त्यांच्या मोबाइलवर एक प्रश्न हमखास येतो. मुलगी बी. ए. किंवा बी. कॉम. च्या शेवटच्या वर्षाला आहे, इकॉनॉमिक्स घेतले आहे, गुण चांगले आहेत, पुढे एम. ए. करायचे म्हणते. विचारणारे वडील मकरपुरा जीआयडीसीत सुपरवायझर असतात, किंवा आई शाळेत शिक्षिका असते. प्रश्नाचा शेवट ठरलेला असतो, "पण एम. ए. करून पुढे काय?"

इंजिनीअरिंगला हा प्रश्न कोणी विचारत नाही, सी. ए. ला विचारत नाही. आपल्या तरसालीतच आयटीआय आहे, तिथे फिटरचा किंवा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणाऱ्यालाही विचारत नाही, कारण समोर मकरपुऱ्याच्या शेड दिसतात. एम. ए. च्या समोर काही दिसत नाही. म्हणून हा प्रश्न चुकीचा नाही. मात्र यंदा त्याला एक नवा पदर आहे. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाचा साचाच बदलला आहे आणि बदललेल्या साच्यातली पहिली तुकडी आता निर्णयाच्या टप्प्यावर उभी आहे. त्या निर्णयाचा हिशेब आम्ही इथे मांडत आहोत.

तीन अधिक दोन, की चार अधिक एक?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली आले. गुजरातमधील विद्यापीठांत पदवीच्या पातळीवर ते २०२३ च्या जूनपासून लागू झाले. त्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलामुलींची तीन वर्षे २०२६ च्या उन्हाळ्यात पूर्ण होतात. त्यांच्यासमोर आता दोन वाटा आहेत. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायचे, किंवा चौथे वर्ष करून 'ऑनर्स' घ्यायचे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी चौकट जाहीर केली. तिच्यानुसार तीन वर्षांची पदवी असेल तर मास्टर्स दोन वर्षांचे आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर मास्टर्स एका वर्षाचे. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये पहिल्या वर्षानंतर थांबायचे झाल्यास पदव्युत्तर डिप्लोमा मिळण्याची सोय आहे.

एक वर्षाचे एम. ए. म्हटले की पालकांना एक वर्ष वाचल्यासारखे वाटते. वाचत काहीच नाही. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एकही पाचच. फरक आहे तो कोणत्या वर्षी कुठे बसायचे आणि मध्येच थांबावे लागले तर हातात काय उरते, यात.

तीन वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्याच्या हातात पूर्ण पदवी असते. त्याला दोन वर्षे नोकरी करून परत येता येते, विद्यापीठ बदलता येते, विषयही बदलता येतो. नव्या चौकटीत पदवीचा मुख्य विषय कोणताही असला तरी प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या विषयाच्या मास्टर्सला जाण्याची मुभा आहे. गणित किंवा संख्याशास्त्राची पदवी असलेल्या मुलांना अर्थशास्त्राकडे यायचे असेल तर हे दार आता उघडे आहे.

चौथे वर्ष करणाऱ्याला वेगळा फायदा आहे. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील तर चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर मास्टर्स न करताही पीएच. डी. साठी अर्ज करता येतो आणि नेट परीक्षेला बसता येते. ज्याला संशोधनातच जायचे आहे त्याच्यासाठी ही वाट जवळची आहे. पण प्राध्यापकीसाठी मास्टर्स लागतेच, हेही ध्यानात असू द्या.

आमचे मत असे. मुलाला किंवा मुलीला संशोधनाची खरी आवड असेल आणि गुण ७५ च्या वर असतील, तर चौथ्या वर्षाचा विचार जरूर करावा. घरची परिस्थिती बेताची असेल किंवा मन अजून ठरत नसेल, तर तीन वर्षांची पदवी हातात घ्यावी आणि मग दोन वर्षांचे मास्टर्स. एका वर्षाच्या मास्टर्सला नोकरीच्या जाहिराती आणि परदेशी विद्यापीठे कसे मोजतात, हे त्या त्या ठिकाणचा नियम वाचूनच ठरवावे. गृहीत धरून चालू नये.

दारे कुठे कुठे आहेत

तरसालीहून निघून मांजलपूर, लालबाग मागे टाकत रेल्वे स्टेशनच्या बाजूला गेले की आर्ट्स फॅकल्टीचा घुमट दिसतो. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ही इमारत. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा हे कॉलेज त्याच्या पोटात आले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला कुलगुरू. इथे अर्थशास्त्राचे मास्टर्स घरी राहून, घरचे जेवून करता येते. इंग्रजी माध्यम असले तरी फी खासगी संस्थांच्या मानाने कमी आहे.

प्रवेशाची पद्धत मात्र बदलली आहे. २०२४ पासून गुजरातमधील सरकारी विद्यापीठांचे प्रवेश जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात. पूर्वीसारखे फॅकल्टीत जाऊन फॉर्म भरून येण्याचे दिवस गेले. तारीख चुकली तर ओळखीचा उपयोग होत नाही. दरवर्षी एखादे घर 'अजून वेळ आहे' म्हणता म्हणता तारीख घालवून बसते, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत.

दुसरे दार अनेकांना ठाऊकच नसते. गुजरात केंद्रीय विद्यापीठ आता आपल्याच जिल्ह्यात, डभोई तालुक्यातील कुंढेला इथे आले आहे. तिथेही अर्थशास्त्राचे मास्टर्स आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या राष्ट्रीय परीक्षेतून. दिल्ली विद्यापीठाचे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयू यांनाही हीच परीक्षा लागते. म्हणजे तरसालीत बसून केलेल्या एका तयारीवर कुंढेल्यापासून दिल्लीपर्यंत अर्ज करता येतो.

तिसरी वाट आपल्या नात्यागोत्याची. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास १९७१ मध्ये याच संस्थेतून केला. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग शंभर वर्षांहून जुना आहे. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने उभी केली. पुण्याला मावशी किंवा डोंबिवलीला काका नाहीत, असे घर आपल्या मंडळात शोधूनच काढावे लागेल.

परदेशाचे काय, असे काही जण विचारतील. बडोद्यातून कॅनडाला आणि इंग्लंडला जाण्याची लाट आपण सर्वांनी पाहिली. २०२४ च्या जानेवारीत कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून इंग्लंडने मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुले सोबत नेण्यास मनाई केली. ज्यांना चांगले विद्यापीठ आणि शिष्यवृत्ती मिळते त्यांनी जरूर जावे. घरावर कर्ज काढून, कोणते कॉलेज आहे हेही न बघता जाण्याचा काळ मात्र सरला आहे. अशा वेळी घराजवळच्या विद्यापीठाकडे नव्याने बघणे शहाणपणाचे.

बडोद्याचे आणि अर्थशास्त्राचे जुने नाते

एम. ए. इकॉनॉमिक्स म्हणजे दुसरे काही जमले नाही म्हणून घेतलेला विषय, अशी समजूत आपल्याकडे आहे. बडोद्यात राहून असे म्हणावे याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते हे आकड्यांनी मांडणारे दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये बडोदे संस्थानचे दिवाण होते. ब्रिटिश राजवटीतील भारताचा आर्थिक इतिहास लिहिणारे रमेशचंद्र दत्त संस्थानात महसूल मंत्री आणि पुढे दिवाण झाले. १९०९ मध्ये त्यांचा मृत्यू बडोद्यातच झाला. त्याच्या आदल्या वर्षी, २० जुलै १९०८ ला, सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक झालेले आय. जी. पटेल हे बडोदा कॉलेजचे विद्यार्थी.

आणि या सगळ्यांत आपल्याला सर्वांत जवळचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. १९१३ मध्ये सयाजीरावांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, दरमहा साडेअकरा पौंड. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१५ मध्ये त्यांनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन एम. ए. केले. पुढे लंडनला १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी.

त्यांचा डी. एस्सी. चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. रुपयाचे मूल्य कशाला बांधावे, हा तेव्हाचा ज्वलंत वाद. केन्स यांनी १९१३ च्या आपल्या पुस्तकात सुवर्ण-विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. त्यांचे म्हणणे असे की या पद्धतीत सरकारला हवे तेवढे चलन काढण्याची मोकळीक राहते, मग भाव चढतात आणि त्याचा मार गरिबाला बसतो. चलन काढण्यावरच मर्यादा हवी. हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी हीच भूमिका मांडली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियाचा प्रबंध १९२५ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

एम. ए. इकॉनॉमिक्सने काय होते, याचे एक उत्तर इथे आहे. बाबासाहेबांच्या डोक्यात प्रश्न होता आणि त्याचे उत्तर शोधायची हत्यारे त्यांनी विद्यापीठातून घेतली. पदवी त्या कामाच्या ओघात मिळाली.

प्रतीक्षालय की कार्यशाळा?

आता जरा कडू बोलायचे आहे. राग मानू नये.

आपल्या घरांत एम. ए. कडे पुष्कळदा प्रतीक्षालय म्हणून पाहिले जाते. मुलाला स्पर्धा परीक्षेची तयारी करायची आहे, तोवर नाव कुठे तरी असावे म्हणून एम. ए. मुलीचे स्थळ पाहणे चालू आहे, तोवर घरी बसण्यापेक्षा बरे म्हणून एम. ए. अशा एम. ए. चा शेवट 'पुढे काय' या प्रश्नानेच होणार, कारण सुरुवातीलाही दुसरे काही ठरलेले नव्हते.

अर्थशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. गॅरी बेकर म्हणाले की शिक्षण ही गुंतवणूक आहे, त्यातून माणसाची काम करण्याची ताकद वाढते. मायकेल स्पेन्स म्हणाले की पदवी ही एक खूण आहे. ती पाहून मालकाला कळते की हा माणूस कष्टाळू आहे, मग शिकलेले कामाला येवो न येवो. दोघांनाही नोबेल मिळाले, बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण आपल्या निर्णयासाठी यातून एक साधी गोष्ट निघते. खूण दुर्मिळ असेल तरच तिला किंमत असते. एम. ए. झालेले पुष्कळ असतील तर नुसत्या पदवीची खूण पुसट होते आणि उरते ती शिकून आलेली ताकद. सरकारच्या श्रमबल पाहणीत वर्षानुवर्षे दिसते की शिकलेल्यांमध्ये बेकारीचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा जास्त आहे. गरीब माणसाला बेकार बसणे परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण असे की पदवी आहे पण हातात काम नाही, अशी मुले आपण तयार करतो.

दोन वर्षांची किंमतही नीट मोजायला हवी. फी कमी आहे म्हणजे एम. ए. स्वस्त आहे, असे नव्हे. समजा बी. कॉम. झालेल्या मुलाला दरमहा १८,००० रुपयांची नोकरी मिळते आहे आणि ती सोडून तो एम. ए. ला बसतो. २४ महिन्यांचे ४,३२,००० रुपये होतात. ही या पदवीची खरी फी. पुस्तकात हिला संधी-खर्च म्हणतात. घरात कोणी तरी हे पैसे न मिळण्याचा भार उचलत असते. बहुतेक वेळा ते वडील असतात, कधी नोकरीला लागलेली मोठी बहीण. म्हणून प्रतीक्षालयाचे हे भाडे फार महाग आहे. त्याच दोन वर्षांची कार्यशाळा केली, तर मात्र हा खर्च वसूल होतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक विनंती. 'लग्नापर्यंत शिकू दे' आणि 'शिकू दे' या दोन वाक्यांत फार अंतर आहे. पहिल्या वाक्यात मधेच स्थळ आले की प्रबंध अर्धा राहतो. अभिजित विनायक बॅनर्जी यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी एम. ए. जेएनयूतून केले. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी माहेरच्या पाटणकर, मराठी घरातल्या, आणि स्वतः अर्थशास्त्राच्या अभ्यासक. लग्नानंतर त्या कोलकात्यात राहिल्या आणि स्त्रियांच्या कामावर त्यांनी पुष्कळ संशोधन केले. मराठी घरातली मुलगी अर्थशास्त्रात राहिली तर किती दूर जाऊ शकते, यासाठी याहून वेगळा दाखला नको.

गणिताची भिंत

कार्यशाळा म्हणजे काय, ते सांगतो. एम. ए. च्या दोन वर्षांत सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्र असते, सार्वजनिक वित्त, आंतरराष्ट्रीय व्यापार, विकासाचे अर्थशास्त्र असते. पण कणा आहे तो गणिती पद्धती, संख्याशास्त्र आणि इकॉनॉमेट्रिक्सचा. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीमुळे घडली असे होत नाही, हे आकड्यांनी कसे तपासायचे, ते इथे शिकवतात. संगणकावर हे करता येणारा मुलगा बँकेला, संशोधन संस्थेला, कंपनीलाही हवा असतो. फक्त गाइड पाठ करणारा कोणालाच नको असतो.

आपली मुले अडतात ती इथेच. गुजरात बोर्डात कॉमर्सला स्टॅटिस्टिक्स असते पण दहावीनंतर गणित सुटते. आर्ट्सला गेलेल्यांचे तर दोन्ही सुटते. मग पाच वर्षांनी कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स समोर येतात आणि हुशार मूलही गांगरून जाते. ही बुद्धीची कमतरता नव्हे, मधल्या पाच वर्षांच्या सवयीची आहे. बी. ए. च्या पहिल्या वर्षापासून रोज अर्धा तास गणित हातात ठेवले तर ही भिंत राहत नाही.

दुसरी अडचण भाषेची. आपले मूल घरी मराठी बोलते, सोसायटीत आणि शाळेत गुजराती, आणि एम. ए. ला इंग्रजी. मराठी पुस्तकात 'मागणीची लवचिकता' असते, गुजराती पुस्तकात तीच 'मांगनी मूल्यसापेक्षता' होते, आणि वर्गात सर 'इलॅस्टिसिटी' म्हणतात. तीन नावे, गोष्ट एकच. ज्याने एकाच भाषेत पाठ केले तो गोंधळतो. ज्याने गोष्ट समजून घेतली त्याला तीन भाषांचा फायदाच होतो, कारण त्याला मकरपुऱ्यातल्या शेठशी, कामगाराशी आणि प्राध्यापकाशी एकाच दिवशी बोलता येते.

प्रश्न आपल्या दारात आहे

आणि बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एकच उदाहरण घ्या. मकरपुऱ्याच्या लहान कारखान्यांचे मोठे दुखणे म्हणजे माल देऊनही पैसे वेळेवर न मिळणे. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे आहेत. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचे कलम ४३-ब (एच) लागू झाले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा करून मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळतो.

हेतू चांगला. पण परिणाम काय झाला? लहान कारखान्यांना खरोखरच लवकर पैसे मिळू लागले, की खरेदीदारांनी ऑर्डर मध्यम आणि मोठ्या पुरवठादारांकडे वळवल्या? हा एम. ए. च्या प्रबंधाचा उत्तम विषय आहे. पन्नास कारखान्यांत जाऊन बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख मांडायची, २०२४ च्या आधीची आणि नंतरची. तरसालीत राहणाऱ्या, ज्याचे वडील किंवा काका त्याच वसाहतीत कामाला आहेत, अशा विद्यार्थ्याला जी दारे उघडतील ती दिल्लीच्या विद्यार्थ्याला उघडणार नाहीत. असा प्रबंध हातात घेऊन मुलाखतीला गेलेल्या मुलाला 'तू दोन वर्षे काय केलेस' असे कोणी विचारत नाही.

पुढे काय, याचे सरळ उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीशिवाय ज्या दारांवर उभेही राहता येत नाही, अशी काही दारे आहेत. केंद्र सरकारची भारतीय आर्थिक सेवा १९६१ पासून आहे, परीक्षा यूपीएससी घेते. वय २१ ते ३० आणि अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी हवी. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारपदांसाठीही तीच अट. कॉलेजात शिकवण्यासाठी मास्टर्स आणि नेट. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएच. डी. करताना २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. उच्च माध्यमिक शाळेत शिकवण्यासाठी एम. ए., बी. एड. आणि टाट. याखेरीज बँका, संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्थांची पाहणीची कामे, कंपन्यांचे आकडे तपासण्याचे काम.

यातील वरच्या जागा थोड्या आहेत, बसणारे पुष्कळ. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून आम्ही पालकांना तीन प्रश्न विचारायला सांगतो. मुलाला या विषयातला निदान एक प्रश्न स्वतःहून पडतो का? गणित आणि संगणक शिकायची त्याची तयारी आहे का? पहिल्या निवडीची जागा मिळाली नाही तर दुसरी कोणती, हे त्याने लिहून ठेवले आहे का? तिन्हींची उत्तरे 'हो' असतील तर निर्धास्त पाठवा. दोनांची उत्तरे 'नाही' असतील तर आधी एक वर्ष नोकरी करू द्या, मग विचारा. पुष्कळदा प्रश्न नोकरीतच सापडतो.

मंडळाने काय करावे

दुसऱ्यांना सांगून झाले, आता स्वतःकडे. दरवर्षी आपण दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतो. टाळ्या, प्रशस्तिपत्र, पेन-सेट, फोटो. एम. ए. करणाऱ्या मुलीला आजवर आपण काय दिले? तिचे वर्ष कोणते चालू आहे, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसते. ज्या वयात पाठबळ सर्वांत जास्त लागते त्याच वयात आपले लक्ष सुटते.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. गुणगौरवाच्या खर्चातला काही भाग दरवर्षी एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाच्या खर्चासाठी ठेवावा. बँकेतून आणि विद्यापीठातून निवृत्त झालेल्या सभासदांनी रविवारी सकाळी दोन तास गणित आणि संख्याशास्त्र शिकवावे. आणि जीकॅस व सीयूईटीच्या तारखा मंडळाच्या फलकावर ठळक लावाव्यात.

अट एकच असावी. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने आपला प्रबंध मंडळात सर्वांपुढे सोप्या मराठीत सांगायचा.

आणि शेवटचे, पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेब करारानुसार नोकरीसाठी बडोद्यात परत आले. अमेरिकेतले एम. ए. पदरात होते, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते आले होते. या शहरात त्यांना जातीमुळे राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. सामान घेऊन ते कमाटी बागेत झाडाखाली बसले. आज ती जागा संकल्प भूमी म्हणून ओळखली जाते. आर्ट्स फॅकल्टीच्या घुमटापासून ती फार लांब नाही.

बडोद्याने त्यांच्या पदवीचे पैसे दिले आणि डोक्यावर छप्पर दिले नाही. शिष्यवृत्ती देणारा राजा होता, पण शेजारी नव्हता. आपण राजे नाही. शेजारी मात्र आहोत, आणि तरसालीतल्या सोसायट्यांत भाड्याने खोली देणारेही आहोत. बाहेरगावाहून शिकायला आलेले मूल दारात उभे राहिले, की त्याला आधी आडनाव विचारायचे की विषय, हे आपल्याच हातात आहे.

मंडळाच्या पुढील सभेत या तिन्ही सूचनांवर चर्चा व्हावी, अशी विनंती. मास्टर्सला असलेल्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींनी आईवडिलांसह सभेला जरूर यावे, आणि येताना आपला प्रश्न सोबत आणावा.